बहिणीदेखत आंघोळीची चर्चा

४ मार्च, मंगळवार

फिलिमोने रविवारपासून येणार नाही. पाठ धरली त्याची. सहा वर्षं मला खुर्चीतून उचलून न्हाणीत नेतोय – मी काही पीस नाही! मदतनीस पाठवणाऱ्या कार्यालयातल्या हेदरबाईंनी फोनवरच तोडगा काढला: घरात बहीण आहे ना?

आहे. लेसिएली. पण आम्ही टोंगन, भावाने बहिणीपासून अंतर राखायचं. वयात आल्यापासून ती खोलीत आली की मी बाहेर – तेव्हा पाय चालत होते. आणि आता तिने मला आंघोळ घालायची! त्यापेक्षा वास मारेन. आमच्या मांगेरेत खाडीच्या ओहोटीला तसाही येतोच.

५ मार्च

आंघोळ. आता तीनच उरल्या.

७ मार्च

चर्चच्या हॉलमध्ये बैठक. अपंगांची सेवा कशी असावी, ते अपंगांना आणि घरच्यांना विचारणार. हेदरबाईंनी आमच्या मानासाठी, आमच्या रीतीने कंबरेला चटई गुंडाळलेली – उलटी. कुणी बोललं नाही. पाहुण्या.

सगळ्यांना एकाच गोलात बसवलं. भाऊ, बहिणी, आत्या, पाळकसाहेब. मग गोड हसून विचारलं – घरी आंघोळीला, शौचाला काही अडचण?

चाळीस माणसं आणि पंख्याची घरघर. समोर लेसिएली, नजर जमिनीत. बहिणीदेखत हे शब्द तोंडातून काढायचे? पाळकसाहेबांनी घाईने प्रार्थना सुरू केली. बाईंनी फळ्यावर लिहिलं: 'आंघोळ – अडचण नाही.'

८ मार्च

शेवटची आंघोळ. जाताना फिलिमोने म्हणाला, थोडं कमी खा, पुढच्याचं भलं होईल.

११ मार्च

तीन दिवस. मांजरसुद्धा लांब बसतं.

सिसी आत्याला फोन केला. आमच्यात बापाच्या बहिणीपुढे सगळे खाली बसतात. तिने हेदरबाईंना घरी बोलावून उकडलेला तारोचा कंद खिलवला आणि म्हणाली, "पोरी, बायका वेगळ्या बसव, पुरुष वेगळे. मग बघ, गप्प करता करता दमशील."

१४ मार्च

पुरुष हॉलमध्ये, बायका स्वयंपाकघरात. काय सुटले सगळे! पाळकसाहेबांची मूळव्याधसुद्धा कागदावर आली. माझी पाळी आल्यावर म्हटलं, "मला पुरुष माणूस द्या. बहिणीला लाजवून मिळणारी आंघोळ मला नको." कार्यालयातल्या पुरुषांनी लिहून घेतलं. सोमवारी पाठवतो म्हणाले.

स्वयंपाकघरातून आधी खूप हसणं ऐकू आलं. मग बराच वेळ काहीच नाही.

१७ मार्च

सेमिसी आला. दंड नारळाच्या बुंध्याएवढे. साबण दोनदा लावून घेतला. माणसात आलो.

१८ मार्च

ताटाशेजारी लेसिएलीचा मदतीसाठीचा अर्ज. मुद्दाम माझ्याकडे तोंड करून ठेवलेला. त्यात लिहिलंय: साखरेच्या आजाराने डावा डोळा गेलाय, दीड वर्षापूर्वी. उजवाही अंधुक. आणि ती चहा सांडते म्हणून मी भिंतीआडून तिला धांदरट म्हणत होतो.

'घरात मदत करणारं कोण?' – तिने लिहिलंय, 'कोणी नाही.'

खोडलं. माझं नाव घातलं.