जादाची भाकरी

सोलापूर, मंगळवार

ती. सुंदरम्मा अक्कास,

धाकट्या मल्लिनाथचा शरणु शरणार्थी. गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला आणि तुझा त्यांच्यावरचा राग, दोन्ही उतरले असतील अशी आशा करतो. इकडे सगळे मजेत आहेत, म्हणजे मी सोडून.

तू मैंदर्गीहून पाठवलेल्या कडक भाकऱ्या पोचल्या. त्यांचं पुढे काय झालं ते सांगायलाच बसलोय. आमच्या शाळेचा रोबोट यंदा जिल्ह्याच्या स्पर्धेत होता आणि विज्ञानाचा मास्तर म्हणून मुलांना घेऊन जायचं काम माझ्या गळ्यात पडलं. दोन रोबोटांनी एकमेकांना रिंगणाबाहेर ढकलायचं, एवढाच खेळ. पण पैसेवाल्या शाळांनी महागडे भाग आणून बाजी मारू नये म्हणून यंदा सांगाडा घरच्याच वस्तूंचा हवा होता. काच नको, पत्रा नको, कुणाला लागेल असं काही नको. आमची कप्तान नववीतली बुद्धप्रिया. (तिला तू एकदा भेटच. वाद घालायच्या आधी ती तुझ्यासारखीच हसते.) तिने माझ्या डब्यातली भाकरी बोटाने टकटक वाजवून पाहिली आणि थेट रोबोटला पुढून ढाल म्हणून बसवली. तुकडे उडून कुणाच्या डोळ्यात जाऊ नयेत म्हणून कडेने चिकटपट्टी लावली. तशीच दुसरी एक जादाची म्हणून तयार केली. पंच भीमाशंकर सरांनी दोन्ही चाचपून पास केल्या. जादाची माझ्याकडे सांभाळायला दिली. पोरगी चुकली ती इथे.

अंतिम फेरीच्या आधी अकलूजच्या मुलांच्या रोबोटची करवंटीची ढाल फुटली. त्यांनी पिशवीतून दुसरी काढली, तर तपासलेली नाही ती चालायची नाही, नियम सगळ्यांना सारखा, असं म्हणत मीच तावातावाने उठलो. मुलं हिरमुसली आणि मला मात्र फार न्यायी वाटलं. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. (न्यायाने भूक वाढते, हे मला माहीत नव्हतं.) पिशवीत हात गेला आणि अक्का, मी ती जादाची भाकरी खाल्ली. पट्टी सोलून खाल्ली, त्यामुळे चुकून खाल्ली असं म्हणायचीही सोय नाही. कडेचा एक तुकडा मोडू म्हटलं होतं. पुढचा दोष तुझ्या हाताच्या चवीचा.

अंतिम फेरीत पहिला डाव आमचा. दुसऱ्यात ढाल फुटली. बुद्धप्रियाने मागे वळून हात पुढे केला. मी म्हणालो, वाटेत मोडली गं. ती माझ्याकडे बघत राहिली. भीमाशंकर सर मूळचे अक्कलकोटचे. त्यांना दया आली आणि त्यांनी स्वतःचा डबा उघडला. "माझी घ्या की, लई कडक हाय." बुद्धप्रिया म्हणाली, "नको सर. अकलूजच्या पोरांस्नी न्हाय म्हणालो न्हवं आपण?" मग उघड्या पडलेल्या वायरींत समोरच्या रोबोटची बांबूची काठी शिरली आणि आमचा रोबोट त्या डावात आणि मग तिसऱ्यातही रिंगणाबाहेर गेला. पुण्याची पुढची फेरी हुकली. स्पर्धा नववीपर्यंतच असते, म्हणजे तिला पुन्हा संधी नाही. येताना बसमध्ये ती बाकीच्यांना हसवत होती. मला फार वाईट वाटतंय, अक्का. तेव्हापासून जेवण गोड लागत नाही.

तुझा,
मल्लिनाथ

ता. क. खरं काम राहिलंच. रविवारी बुद्धप्रियाला घेऊन तुझ्याकडे येतोय. पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी टिकाऊ भाकरी कशी भाजायची ते तिला शिकायचंय. जादाची कशी मोडली असं तिने विचारलं, तर पीठ जुनं, जरा विरी गेलेलं होतं असं सांग. तुझ्या हाताला बट्टा लागेल, पण माझी लाज राहील.

ता. क. २. वरची विनंती रद्द. पाकीट चिकटवणार तेवढ्यात ती स्टाफरूममध्ये आली. म्हणाली, "सर, पुढच्या वर्षी ह्या धाकट्यांसंगं जाताना तुमचा डबा मी देते करून. तुमी उपाशी ऱ्हाऊ नका." म्हणजे तिला तिथेच कळलं होतं, आणि चारचौघांत ती बोलली नाही. मी नुसतं बरं म्हणालो. रविवारी तिला पोटभर जेवू घाल. मला आग्रह करू नकोस.