अट क्रमांक नऊ

३ मार्च
दवाखान्याची बस बंद! नव्या वेळापत्रकात तो थांबाच नाही. ताईला आठवड्यातून तीनदा डायलिसिस — आता शेवटचे दोन किलोमीटर पायी. "वाटेत कठड्यावर बसते गं जरा, मग जमतं," म्हणाली. जमतं म्हणे!
डेपोतला इंजिनियर म्हणतो, "मॅडम, ठराव तुमच्या समितीचे, उत्तर कॉम्प्युटरचं. सगळ्यात चांगलं उत्तर आहे." सगळ्यात चांगलं — कुणासाठी? वेळापत्रक समितीत चालकांच्या वतीनं अकरा वर्षं घसा फोडतेय. मंत्री ऐकतात, यंत्र ऐकत नाही!

५ मार्च
भाचीकडे गेले. ताईचीच लेक, कॉलेजात गणित शिकवते. "मावशी, त्याला एकच काम दिलंय — सगळ्या प्रवाशांचं बसची वाट बघणं मिळून कमीत कमी करायचं. चौकात सहा हजार माणसं, दवाखान्याला साठ. त्यानं साठ सोडली."
"निर्दयी मेला!"
"आज्ञाधारक गं. जी अट घातली नाही ती तो पाळत नाही."
मग घालू की अटी!

६ मार्च
भाचीला सतरा अटी लिहून दिल्या, तिनं कॉम्प्युटरला घातल्या. एकूण एक न्याय्य. उत्तर आलं — शक्य नाही.

७ मार्च
पुन्हा शक्य नाही. कपाटभर इतिहास वाचला, कायदा वाचला, आणि या एका पानापुढे डोकं आपटतेय. भाची विचारते, कुठली सोडतेस? मी जन्मात मागणी सोडलेली नाही!
"मग भाषण ठोक, मावशी. गाड्या बेचाळीसच राहणार."
कार्टी आईवर नाही, माझ्यावर गेलीय. चहा तसाच टाकून उठले.

९ मार्च
ताई आज कठड्यापर्यंतही पोचली नाही. टॅक्सीवाल्यानं रस्त्यातून उचलून आणलं.
सोळा अटी स्वतःच्या हातानं खोडल्या. एकच ठेवली — दवाखान्याला तासाला एक बस. आणि उत्तर आलं! बाकीच्यांना माणशी चाळीस सेकंद जास्त थांबावं लागेल. चाळीस सेकंद! एवढ्यासाठी माझी बहीण रस्त्यात पडली? ज्यानं हे केलं त्याची उद्या समितीत सालटी काढते. भाषण तयार आहे.

१० मार्च
इंजिनियरनं वाद घातला नाही. वेळापत्रकाच्या अटींचा जुना मसुदा पुढे सरकवला. अट क्रमांक नऊ: दवाखान्याला तासाला एक बस. होती! तिच्यावर लाल रेघ. सोबत गेल्या जूनचा ठराव — जो तो आपल्या दारात थांबा मागत होता तेव्हाचा. 'एकाही थांब्याला खास वागणूक नको. सारे प्रवासी समान.' ठराव मांडणारी: मी. पुढे कंसात: टाळ्या.
आज चारच शब्द बोलले. "तो ठराव मागे घेते."

११ मार्च
बस सोमवारपासून सुरू. ताई सगळ्यांना सांगतेय, माझ्या बहिणीनं भांडून आणली. कुणी घालवली होती, ते अजून सांगितलेलं नाही.