मी घरातच होतो

मी, कुलपे दुरुस्त करणारा, वय एकाहत्तर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. उद्या सकाळी माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे आणि डॉक्टरीणबाईंनी धोका लपवलेला नाही. डोके शाबूत आहे. कोणाचाही दबाव नाही. मुलगा तर तीन दिवस माझ्याशी बोललेलाच नाही.

१. चौदा वर्षांपूर्वीचे माझे मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात नऊ अटी होत्या. जो पाळील त्याला अर्धे घर. जो मोडील त्याला बापाचे दारही बंद. वर्षभरात मुलीने अट मोडून घटस्फोटित माणसाशी लग्न केले. मी त्याच दिवशी कुलूप बदलले. धंदाच तो, अर्धा तास लागला.

२. हे मुलगा आणि मी सोडून कोणाला माहीत नाही. लग्नाच्या पुढच्या वर्षी मुलांची आई गेली. अंत्यविधीला मुलगी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसली आणि दुसऱ्या दिवशी घरी आली. दार वाजवत राहिली. मी आत खुर्चीत होतो. मुलाला म्हणालो, "सांग, बाबा नाहीत." तो फटीतून बोलला, "ताई, बाबा बाहेर गेलेत." ती बराच वेळ पायरीवर बसून होती. खोटे बोलू नये, ही माझीच तिसरी अट. पोराने ती माझ्या शब्दाखातर मोडली.

३. गेल्या महिन्यात मी दुकानात कोसळलो, तेव्हा मुलानेच तिला फोन केला. बारा वर्षांनी ती आली, आणि रोज येते. मला तिच्याकडे बघवत नाही. शेवटी चर्चच्या पाळकांना बोलावून विचारले, "बायबलातला जुना करार देवाचाच, मग नवा कशाला? पहिल्यात चूक होती का?"

"करारात नव्हती, पाळणाऱ्यांत होती," ते म्हणाले. "आज्ञा दगडावर होत्या. माणूस वाचायचा आणि मोडायचा. नव्यात देव त्या मनावर लिहितो आणि मोडणाऱ्याला क्षमा करतो. त्याची किंमत ख्रिस्ताने स्वतःच्या रक्ताने भरली."

"आणि ज्यांनी जुना पाळला, ते वेडे ठरले?"

"नाही. ख्रिस्ताने जुना फाडला नाही, पुरा केला."

तेरा वर्षांपूर्वी हेच पाळक मला म्हणाले होते, "करार म्हणजे करार, मुलीला दारात उभी करू नका." मी आठवण करून दिली. ते मान खाली घालून म्हणाले, "तेव्हा मी अर्धंच वाचून दाखवलं." हे त्यांच्यासमोरच इथे लिहिले आहे.

४. खालचा मजला आणि दुकान, हत्यारांसह, मुलाला. वरचा मजला मुलीला. अट एकही नाही. वकील म्हणाले, "निदान दोन तरी घाला, नाहीतर भांडतील." भांडू देत.

तीन दिवसांपूर्वी हे कळल्यावर मुलगा कडाडला होता, "बारा वर्षं तुमची औषधं, आंघोळ, सगळं मी केलं. ती नुसती आली आणि वरचा मजला तिचा?" बाळा, तुझ्या बोलण्यात खोट नाही. जुन्यात तुला अर्धे कबूल होते, ते तसेच्या तसे तुझे आहे. बाकीचेही तुझेच, असे तू धरून चाललास आणि मी तुला धरू दिले. पण तुझे अर्धेही मी मजुरी म्हणून देत नाही. तू माझा आहेस म्हणून देतो. तिलाही तसेच.

५. मृत्युपत्र माणूस मेल्यावर लागू होते. मला तेवढे थांबायचे नाही. कलम दोन तिने मी गेल्यावर वाचले, तर मी पुन्हा दाराआड लपलो असेच होईल. म्हणून आज दुपारी दोघांना समोर बसवून हे मोठ्याने वाचणार आहे.

वाचनानंतरची नोंद: कलम दोन सुरू होताच मुलगा उठून खिडकीशी गेला. "बाबा, पुरे." तीन दिवसांतले त्याचे पहिले शब्द. मी थांबलो नाही. संपल्यावर मुलगी म्हणाली, "मला माहीत होतं. तुमचा खोकला बाहेर ऐकू येत होता."

"मग महिनाभर बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते."

मुलगा अजून पाठमोराच उभा आहे. ती उठून त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली आहे. तो सरकलेला नाही.

सही: कुलूपवाला
साक्षीदार: पाळक, शेजारच्या शिंपीणबाई
स्थळ: राहत्या घरातील खालची खोली
गुरुवार, दुपारी चार वाजता. दार उघडे.