उलटा कार्बन

भाऊ, तुमच्या प्रतींची पिशवी वाळवीने खाल्ली, हे आधीच सांगून टाकते. आत्याकडच्या प्रती तिची चाळ पाडली तेव्हाच गेल्या होत्या. पण त्याआधी मी एकूण एक कागद स्कॅन करून ठेवला होता. काळाचौकीच्या खोलीत तुम्ही चाळीतल्या गिरणी कामगारांचे अर्ज टाइपरायटरवर टाइप करायचात आणि कार्बनच्या प्रतीवर गिरणीची पोच आणायला लावायचात. आणखी एक प्रत घोडपदेवला, आत्याकडे. "एकाच घरात दोन प्रती म्हणजे एकच प्रत," म्हणायचात.

निवृत्तीनंतर ते वाक्य मी कॉम्प्युटरला शिकवलं. बारा-पंधरा ओळींची स्क्रिप्ट आहे, म्हणजे कॉम्प्युटरला लिहून दिलेल्या सूचना. रोज सकाळी सहाला अर्जांचं फोल्डर शेजारच्या डिस्कवर उतरतं आणि दादरला तुमच्या धाकट्या लेकीच्या कॉम्प्युटरवरही जातं. ती म्हणाली, "ताई, रोज हाताने कॉपी करायला काय होतं गो तुला?" मी विचारलं, "तू रोज व्यायाम करतेस?" पहिल्यांदा मी कुठून आणि कुठे हेच उलटं लिहिलं, आणि रिकाम्या डिस्कने भरलेलं फोल्डर पुसून टाकलं. मात्र नवी रिबन तुम्ही आधी रद्दी कागदावर चालवायचात, तशी मीही तीन फालतू फायलींवरच चालवली होती.

तेव्हा तुम्ही समोर दिसलात. मी अकरावीत आहे, शेजारच्या काकांचा अर्ज मशीनमधून काढते, तर प्रत कोरी आणि अर्जाच्या पाठीवर उलटी अक्षरं. "साहेबाने आरशात वाचायचा काय?" तुम्ही विचारता. मी म्हणते, कार्बन धाकटीने उलटा लावला. त्यानंतर तुम्ही तिला मशीनला हात लावू दिला नाहीत.

गेल्या सोमवारी दुपारी व्होल्टेज वाढून माझा कॉम्प्युटर आणि डिस्क, दोन्ही जळाले. गुरुवारी त्याच काकांची मुलगी आली. गिरणी कामगारांना मिळणाऱ्या घरासाठी वडिलांच्या नोकरीचा पुरावा हवा होता, शुक्रवारपर्यंत. "ताई, नसेल तर नाही म्हणा, मी रडणार नाही." तिला घेऊन दादर गाठलं. धाकटीने फोल्डर उघडलं. सोमवारी सकाळी सहाची प्रत, त्यात काकांचा अर्ज, त्यावर पोच, शिक्क्यासकट. मुलीने पडद्यावरच्या शिक्क्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "भाऊकाका अजून ड्युटीवर आहेत." माझी मान ताठ झाली, भाऊ. तुमचीही झाली असती.

नव्या कॉम्प्युटरवर स्क्रिप्ट पुन्हा लावली आहे. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून त्याच फोल्डरमध्ये ठेवणार होते. पण तिथे ठेवलं तर सकाळी सहाला ते धाकटीकडे पोचेल. अजून बाहेरच ठेवलंय. तो कार्बन मी लावला होता.