करवतीचं दुसरं टोक

६ जानेवारी
आज सकाळी चहा पिताना लक्षात आलं की मी मुळात सुतार आहे. आयुष्यभर भूमापन कार्यालयात दुसऱ्यांच्या जमिनी मोजत बसलो. त्यात ज्या चुका झाल्या त्या याचमुळे. माणूस चुकीच्या खुर्चीत बसला की दुसरं काय होणार?
आमच्या गावात दोन घरं सोडून तिसरं घर सुताराचं. पण ती मंडळी पोटासाठी करतात. आतून हाक आलेला मी पहिलाच.
ही (बायको, मुर्तिनिंगसिह) लेकीच्या बाळंतपणासाठी म्हणून शहरात, बेकासीला गेली आहे. बाळ आता रांगतं. तर प्लॅन असा : सगळं कुटुंब एकत्र बसेल असं मोठं टेबल. ईदेपर्यंत तयार. ईदेला लेक, जावई, बाळ सगळे इकडे येतील आणि मग ही इथेच राहील. माणसाला परत यायला काहीतरी निमित्त लागतं.

९ जानेवारी
लाकूड विकत घेणं म्हणजे अपमान. परसातला फणस पाडला. यांत्रिक करवतवाला बोलावला होता, पण डोकं माझं. झाड कुठे पडणार ते मी खडूनं आखून दिलं होतं. पडलं दुसरीकडे. न्हाणीघराचा पत्रा गेला.
शेजारच्या बु सारिनेम रोजच्यासारख्या सुरी-टोपली घेऊन गुडेगच्या भाजीसाठी कोवळा फणस न्यायला आल्या आणि तिथेच थबकल्या. "अगंबाई, पाक सुविग्न्यो, हे काय करून बसलात? बु मुर्तींना विचारलं तरी का?" मी म्हटलं, घरातला पुरुष मी आहे. त्यावर त्यांनी आडव्या झाडावरचे झाडून सगळे कोवळे फणस काढून नेले. तीन फेऱ्या मारल्या. चौथ्यांदा टोपली विसरली म्हणून आल्या.

१२ जानेवारी
हिचा फोन. झाडाचं सांगितलं. तिनं तीनदा विचारलं, कुठलं झाड. नेटवर्क असेल. मग म्हणाली, "तो पाडलात? फणसाला म्हणून चार बायका तरी यायच्या. मग आता तिथे येऊन मी करू काय?"
हिला पहिल्यापासून विनोदाची आवड आहे.
तिकडे पहाटे बायकांच्या घोळक्यात हातवारे करून व्यायाम करते म्हणे. ट्रॅकसूट घेतलाय. या वयात!

१५ जानेवारी
गल्लीत फिरती सॉ-मिल आली होती. जुन्या ट्रकवर पट्ट्याची करवत बसवलेली, दोन माणसं, भोंगा वाजवत फिरतात. बु सारिनेमचा नवरा तुकिरान (फर्निचरचा कारखाना, तोंडाला कुलूप नाही) कुंपणावरून ओरडला, "बोलवा की त्यांना! चहा थंड व्हायच्या आत फळ्या पाडून देतील." मी नुसतं हसलो. जो आपला ओंडका आपल्या हातानं चिरतो तोच सुतार. बाकीचे गिऱ्हाईक.
वरच्या आळीतल्या म्बाह जोयोंकडून जुनी, खरी, दोन मुठींची करवत आणली. त्यांचा जोडीदार वारल्यापासून भिंतीला टांगलेली होती. म्हातारबा म्हणाले, "आणि दुसऱ्या टोकाला कोण?"
मी म्हटलं, सिस्टिम करतो.

१६ जानेवारी
परसात खड्डा खणायला घेतला. ओंडका खड्ड्यावर आडवा ठेवायचा, एकानं ओंडक्यावर उभं राहायचं, एकानं खाली खड्ड्यात. वरचा ओढतो, खालचा ओढतो. तत्त्व साधं आहे.
पाठ धरली.

२० जानेवारी
सिस्टिम नंबर एक. खालच्या मुठीला सायकलची ट्यूब, ट्यूब पपईच्या झाडाला. मी वर ओढणार, पपई खाली ओढणार. माणूस लागतो हा निव्वळ गैरसमज.
दुपारी साडेतीन : पपई पडली. झाड कमकुवत निघालं.

२३ जानेवारी
सिस्टिम नंबर दोन, तुकिरानचा बोकड. यावर काही लिहायचं नाही.

२४ जानेवारी
तुकिराननं बोकडाची गोष्ट चहाच्या टपरीवर सांगितली आहे. मी गेलो तर सगळे आपापल्या पेल्यात बघायला लागले. मग मागून कोणीतरी "मेंऽऽ" केलं. कलावंताला हे सोसावंच लागतं. यापुढे चहा घरीच.

२५ जानेवारी
घरचा चहा बेचव होतो. भांड्याचा दोष.

२ फेब्रुवारी
इतके दिवस हे सुचलं कसं नाही! सांबातान! कोणाचं घर उभं राहत असलं, कोणाचं छप्पर बदलायचं असलं की अख्खी गल्ली हात लावायला जाते. यजमानानं जेवण घालायचं, बस. मग माझ्या ओंडक्याला का नाही? रविवार ठरवला. मशिदीत नमाजानंतर उभा राहून जाहीर केलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मोजकं पण मुद्देसूद बोललो.

८ फेब्रुवारी
जेवणाचा प्रश्न. अशा वेळी गल्लीतल्या बायका यजमानीणबाईंच्या स्वयंपाकघरात जमतात. आमच्याकडे यजमानीणबाई बेकासीत हातवारे करतायत. ढाब्यावरून डबे सांगितले. अख्ख्या गल्लीपुरते.

९ फेब्रुवारी, रविवार
सकाळी सात : ओंडका तयार. करवतीला खोबरेल लावलं. ओटीवर चटया घातल्या.
आठ : येतील. आपल्याकडे वेळेचं भान कोणाला आहे?
साडेनऊ : तुकिरान आला. एकटाच. खड्ड्यात उतरला, दहा-बारा वेळा करवत ओढली, भुसा डोळ्यात गेला म्हणून वर आला आणि दोन डबे खाल्ले.
मी म्हटलं, बाकीचे कुठेत? तर म्हणाला, "पाक, रागावू नका. तुम्ही कोणाच्या सांबातानला गेलात कधी? माझं छप्पर घातलं तेव्हा तुम्ही पैशांचं पाकीट पाठवलंत. पाकीट घेतलं आम्ही. पण पाकिटाला हात असतात होय? यायच्या त्या बु मुर्ती. पहाटेपासून चुलीपाशी. त्या असत्या तर आज इथे उभं राहायला जागा नसती."
म्हणजे मी इथे एवढी वर्षं राहतोय आणि ओळख सगळी हिची. माणसं जमवायची हिला फार हौस.
उरलेले डबे म्बाह जोयोंकडे आणि मशिदीत पोचवले. लोकांनी आनंदानं घेतले. तिथे मात्र सगळे होते.

१३ फेब्रुवारी
हिला फोन केला. नुसतं विचारलं, सांबातान कसं जमवायचं असतं. म्हणाली, "आधी जावं लागतं, अहो." मागे बायकांचा हसण्याचा आवाज. ती आणि शेजारीण मिळून शाळेच्या फाटकाबाहेर केळ्याची भजी विकतात. सगळी खपतात. मी म्हटलं, आपल्याला काय कमी आहे? तर म्हणाली, कमी म्हणून नाही, मजा येते.
मजा!

१७ फेब्रुवारी
तुकिरान आणि बु सारिनेम लग्नाला सोलोला गेलेत. गल्ली शांत. फिरती सॉ-मिल अचानक भेटली. (मी कोपऱ्यावर सहज उभा होतो. सकाळपासून.)
फक्त सुरुवात करून द्या म्हटलं. एकदा सुरू झाल्यावर मधे कसं थांबवणार? सगळ्या फळ्या पडल्या. मार्गदर्शन माझं. आतून लाकूड हळदीसारखं पिवळंधमक निघालं. मी हात फिरवला आणि का कोण जाणे, डोळे पुसावे लागले. भुसा.
ती दोघं काम करताना एकमेकांची टर उडवत होती. एकानं शिवी दिली की दुसरा गाणं म्हणायचा. बघायला बरं वाटत होतं. मी म्हटलं, जेवूनच जा, अंडी करतो. त्यांना पुढचा ओंडका होता.

१८ फेब्रुवारी
तुकिरान परत आला. फळ्यांवरून बोट फिरवलं, करवतीच्या सरळ रेघा पाहिल्या आणि म्हणाला, "वा! बोकड चांगलाच तयार झाला की."
नंतर जरा गंभीर होऊन म्हणाला, "ओल्या आहेत हां. वर्षभर सावलीत राहू देत, मधे पट्ट्या घालून." मी म्हटलं, ईद वर्षभर थांबणार आहे का? तो बोकडाला चारा घालायला गेला.

२ मार्च
रोजे सुरू. काम दुपारपर्यंतच. टेबलाचे पाय झाले. चारही वेगवेगळ्या उंचीचे. हातानं केलेल्या वस्तूत जीव असतो तो असा.

९ मार्च
पाय सारखे केले. म्हणजे सगळ्यात आखूड पायाएवढे बाकीचे कापले. मग तो आखूड राहिला नाही, दुसराच निघाला. मग तो. टेबल आता जरा बसकं झालंय. जमिनीवर बसून जेवणाऱ्यांना सोयीचं. बाळालाही.

१४ मार्च
टेबल पूर्ण! ओटीवर ठेवलंय. रेत्नोला, म्हणजे लेकीला, फोटो पाठवला. तिनं अंगठा पाठवला. नुसता अंगठा. कामात असेल.
संध्याकाळी रोजा टेबलावरच सोडला. खजूर, चहा, ढाब्यावरचा भात. एकाच जागी बसून कसं कळणार? म्हणून प्रत्येक जागेवर बसून पाहिलं. हिच्या जागेवरून मी जिथे बसतो ती जागा दिसते. जावयाच्या जागेवर डुगडुगतं.

१९ मार्च
दुपारी दारावर टकटक झाली. उठून गेलो, कोणी नाही. परत टकटक. परत गेलो. तिसऱ्यांदा कळलं, टेबल तडकतंय. लाकूड वाळताना आवाज करतं. ओल्या लाकडाचा हा गुणच आहे. घरात कोणी असल्यासारखं वाटतं.

२२ मार्च
मधली फळी नावेसारखी वर आलीय. वाटी ठेवली तर घसरून मांडीवर येते. नवीन डिझाइन म्हणून खपेल. टकटक चालू आहे. दर वेळी दार उघडायची गरज नाही हे मला माहीत आहे. तरी एखाद्या वेळी खरंच कोणी आलं असलं तर?

२५ मार्च
रेत्नोचा फोन. येत नाहीत. बाळाला सर्दी, रस्त्यावर ईदेची गर्दी, जावयाला रजा कमी. "बापाक, तुम्हीच या ना इकडे. इबू पण म्हणतेय."
मी म्हटलं, तुझी आई म्हणत असेल तर आईनं फोनवर यावं. ती भजी तळत होती.
सांगून टाकलं, मी कारागीर माणूस, काम सोडून निघता येत नाही. फोन ठेवल्यावर आठवलं, काम संपलंय.

२७ मार्च
निर्धार : ईद एकट्यानं करायची. मोठी माणसं एकटीच असतात. कोंबडी आणली. कशी करतात ते बु सारिनेमना विचारलं. त्यांनी सांगितलं आणि मग माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, "पाक, आमच्याकडे या जेवायला." मी म्हटलं, पाहुणे यायचेत.

२९ मार्च, बसमध्ये
मी बेकासीला चाललोय. कारण असं की जावयाच्या भाड्याच्या घरात सगळं फर्निचर भुशाच्या दाबलेल्या फळ्यांचं आहे आणि त्यावर जाणकाराचं मत घेणं जरुरीचं आहे. कोंबडी बु सारिनेमना दिली.
बस रिकामी. ड्रायव्हर, क्लीनर आणि मी. पलीकडच्या बाजूला अख्खं शहर गावाकडे निघालंय. मोटारींच्या टपांवर बोचकी, स्कूटरवर चार-चार माणसं, मुलं खिडकीतून हात हलवतायत. मी एकदा उलट हात हलवला. क्लीनर म्हणाला, "काका, तुम्ही उलटेच निघालात की हो!" मी म्हटलं, मला गर्दी आवडत नाही.
तिला काय म्हणायचं ते जुळवतोय. ईदेच्या सकाळी बायको नवऱ्यापुढे वाकून वर्षभराची माफी मागते, मग मुलं, मग जावई. मी खुर्चीत बसलेला असेन. ती वाकली की लगेच काही बोलायचं नाही. थोडं थांबायचं. मग म्हणायचं, झालं गेलं विसरलो, चल घरी. आवाज भारदस्त हवा. तिकिटं परतीची दोन काढलीयत. रडली तर पाठीवर हात ठेवायचा. रडेलच.

३१ मार्च, ईद, बेकासी
सकाळी मला खुर्चीत बसवलं. रेत्नो फोनवर शूटिंग करत होती. जावई हेंद्रो, त्याचे आईवडील, त्या भजीवाल्या शेजारीणबाईसुद्धा, सगळे उभे.
ही आली. नवा हिरवा पोशाख. बारीक झालीय. चांगली दिसत होती, हे लिहायला हरकत नाही. गुडघ्यांवर बसली, माझे हात कपाळाला लावले आणि नेहमीचे शब्द म्हणाली : मनानं, देहानं माझ्याकडून जे काही चुकलं असेल ते माफ करा.
मी ठरल्याप्रमाणे थोडं थांबलो.
तेवढ्यात ती मान खालीच ठेवून, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाली, "आणि मी परत येणार नाहीये, अहो. राग नाही माझा. पण तिथे तुम्ही ओटीवर जेवायचात, मी चुलीपाशी. इथे मला माणसं आहेत. तेही माफ करा."
तिचे हात गरम होते. या दिवशी माफीला नाही म्हणायची पद्धत नाही. सगळे बघत होते, बाळसुद्धा. मला म्हणायचं होतं की घरात फार शांत असतं, मुर्ती. भारदस्त नाही, कसंही म्हणायचं होतं.
मी म्हटलं, "माफ केलं."
ती उठली. बायकांनी डोळे पुसले. रेत्नो म्हणाली, किती छान, व्हिडिओ मस्त आलाय. मग हेंद्रो वाकला, त्यालाही माफ केलं.