कार्डातलं शेत

माय, तुझं शेत अजून आहे, एवढंच लिहायला बसले होते. उटनूरजवळचं नाही, ते कधीच विकलं. टीव्हीतलं, शेतीच्या खेळातलं. दादाचं गेमचं मशीन ट्रंकेत सापडलं, त्याच्या खाचेत तुझं राखाडी मेमरी कार्ड तसंच अडकलेलं. दादाचं खेळून मन भरलं अन् मग तू शिकलीस. भाजी विकून आलीस की दुपारी बसायचीस. इंग्रजी येत नव्हतं, म्हणून "वरचं दाबलं की पाणी, खालचं दाबलं की जपून ठेवते" असं पाठच केलं होतंस. "हे वावर बरं वं, रानडुकरं येत नाहीत," म्हणायचीस. तीन गाई, अठरा कोंबड्या, एक कुत्रं. त्यांच्यापायी आमची भाजी करपायची.

बोथ गावच्या दुरुस्तीवाल्यानं मला बजावलं होतं, "ताई, कार्ड म्हातारं झालं. आधी त्यातली फाइल जशीच्या तशी कॉम्प्युटरवर काढा, मंग खेळा. वरून नवीन सेव्ह केलं का जुनं गेलं, देव आला तरी निघत नाही." त्यासाठी वायरही दिली. ती टेबलावर ठेवून मी म्हटलं, एकदा नुसतं पाहते.

पहिल्यांदा कार्ड दिसेचना. दुसऱ्यांदा शेत उघडलं. गोठा रिकामा. खुराड्यात एक कोंबडी नाही, कुत्रंही नाही. वावरात काडी नाही अन् खेळातले दिवस ऐन पेरणीचे. वाटलं, फाइल बिघडली. पण बिघडलेल्या फाइलीत अवजारं अशी ओळीनं पेटीत लागलेली नसतात. कापूस सरून उलंगवाडी झाली, वावर आवरून झालं की तू विळे धुऊन अशीच लावायचीस. पेरणीच्या तोंडावर उलंगवाडी कोण करते, माय?

तो शेवटचा आठवडा. मी कॉलेजातून आलेली, तू चुलीपुढं भाकरी थापतेस. "छाती दुखून राह्यली वं," म्हणतेस. मी पुस्तकातून मान वर काढत नाही. "दिवसभर टीव्हीपुढं बसलीस तर दुखणारच. नाटकं नको करू." तू भाकरी उलटतेस. चार दिवसांनी तू गेलीस. डॉक्टर म्हणाले, अचानक झालं. इतकी वर्षं मी त्या 'अचानक'वर जगले.

तुला ठाऊक होतं. मला सांगून पाहिलंस, मग गुपचूप गाई-कोंबड्या विकून त्यांची सोय लावलीस. आता ते शेत डोळ्यांपुढून हलत नाही. स्वयंपाकघरात गेले तरी मागं कोणी आवराआवर करतंय असं वाटतं अन् मी वळून पाहते.

दादा नागपूरहून रोज विचारतो, फाइल निघाली काय, मायचं शेत मलाही पाठव. मी सांगते, कार्ड मेलं. हा कागद त्यालाही दाखवणार नाही. कार्ड मेलेलं नाही, माय, पण तू आवरून ठेवलेलं वावर त्यात उरलं नाही. त्याला ते रिकामं वावर दिसू नये म्हणून शेत उघडलं त्याच दुपारी मी एक कोंबडी घेतली, एका ओळीत बी टाकलं, पाणी दिलं अन् तू म्हणायचीस तसं खालचं दाबलं.