गोणींना सीटबेल्ट

३ नोव्हेंबर, सोमवार

घोर अन्याय! सकाळी केस धुतले आणि ड्रायर जागेवर नाही. सापडला कुठे? — खाली पार्किंगमध्ये, एक्स्टेन्शन वायरच्या टोकाला, दिनानाथच्या हातात. नवरा गाडीच्या मागच्या फेंडरला, चाकावरच्या पत्र्याला, गरम हवा देत बसलेला. पंचवीस वर्षांच्या संसारात माझ्या केसांकडे एवढ्या मायेनं कधी पाहिलं नाही!

"आतली कड दुमडतोय. गार पत्रा दुमडला तर रंग तडकतो," म्हणे.

ओल्या केसांनी बँकेत. मीनल काउंटरवरून — "मॅडम, अंबरनाथला पाऊस आहे?"

४ नोव्हेंबर

लिहून ठेवते, नाहीतर पुढं मलाच खोटं वाटेल. चोपन्न वर्षांच्या माणसानं जुन्या हॅचबॅकचे स्प्रिंग बदलून ती दोन इंच खाली आणली. मग तिला रुंद अलॉय चाकं घातली. ती अजून बाहेर दिसावीत म्हणून मागे स्पेसरच्या चकत्या लावल्या. आता खड्डा आला की टायर फेंडरला घासतो — घर्रर्र! अख्खी सोसायटी गॅलरीत.

मोरिवलीची फॅक्टरी मे महिन्यात बंद झाली. हा तिथं क्वालिटीला. केसाएवढा फरक दिसला तरी माल परत पाठवणारा. आता तोच व्हर्नियर घेऊन टायर आणि पत्रा यांच्यातली फट मोजतो. मे महिन्यापासून दुसऱ्या कशावर चार वाक्यं सलग बोललेला नाही.

६ नोव्हेंबर

"पास!" — संध्याकाळी दारातूनच. चक्कर मारून आला, आवाज नाही. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

९ नोव्हेंबर, रविवार

शेजारच्या कीर्तीकडच्यांना चामटोलीला साखरपुड्याला जायचं होतं. दिनानाथनं आपणहून विचारलं, "सोडू का?" कीर्ती, तिचा नवरा, सासू, दीर — चौघं बसले. गेटच्या आतच, पहिल्याच स्पीडब्रेकरला — घर्रर्र! रबर जळल्याचा वास वर आमच्या मजल्यापर्यंत.

कीर्तीचा नवरा खिडकीतून — "दिनानाथराव, आम्ही उतरून तुम्हाला उचलून घेऊ का?"

सगळे हसले. मीही. गॅलरीतून, मोठ्यानं. मग ते रिक्षानं गेले.

वर आल्यावर किल्ली टेबलावर ठेवली त्यानं. "गॅरेजवाल्या कैलासला एकदा दाखवतो. तरी घासली तर विकतो. मला आता काही जमत नाही."

हे 'काही' गाडीपुरतं नव्हतं. एवढं मलाही कळलं.

१० नोव्हेंबर

राजसीचा पुण्याहून फोन. "आई, तू बाबांना काही बोलत नाहीस ना?" नाही गं बाई. बोलतेय कुठे — नुसते विनोद करते.

१२ नोव्हेंबर

अर्धा दिवस रजा टाकून बरोबर गेले. उल्हासनगरला, कैलासच्या गॅरेजमध्ये. का गेले विचारू नये.

कैलास चाकाखाली डोकं घालून — "साहेब, काम तर एक नंबर केलंय. कड मस्त बसवली. मोजलं तेव्हा गाडीत कोण होतं?"

"कोणी नाही."

"तेच तर! रिकामी गाडी मोजली तुम्ही. माणसं बसली की मागून गाडी दबणार ना? फुल लोड टाकायचा, स्टेअरिंग दोन्ही साइडला शेवटपर्यंत मारायचं, मग मोजायचं. घरचे बसतात ना?"

"घरचे बसत नाहीत," दिनानाथ म्हणाला. तक्रार नव्हती. माप सांगावं तसं सांगितलं.

कैलासनं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या टायरांकडे.

ठरलं ते असं — स्पेसर काढायचे, टायर एक साइज बारीक. "लूक थोडा जाईल साहेब, पण घासणार नाय. लोड टाकून बघा फक्त."

१५ नोव्हेंबर, शनिवार

लोड आला! पालेगावच्या एका बांधकामावरून रेतीच्या चार गोणी. तीन मागे, एक त्याच्या शेजारी. प्रत्येकीला सीटबेल्ट! मागच्या मधलीचा पट्टा पुरेना, तर सुतळीनं बांधली.

वॉचमन — "साहब, मेहमान कहां के?" दिनानाथ हसला.

माणसं मागितली नाहीत त्यानं. घरात माणूस असताना गोणी आणल्या.

कीर्तीनं जिन्यात गाठलं. "मालिनीताई, तुमच्या जागेवर कोण हो बसलंय ते?"

 

१६ नोव्हेंबर, रविवार

सकाळी खाली गेले. म्हटलं, पुढची गोण उतरव.

"मग वजन कमी पडेल."

"नाही पडणार."

तीन गोणी आणि मी. गेटचा स्पीडब्रेकर, नाक्यावरचे दोन, पुलाजवळचा खड्डा. आवाज नाही. पास! पण तो थांबेना. फट मोजायला उतरेना. गाडी मोरिवलीपर्यंत आणली आणि फॅक्टरीच्या गेटसमोर उभी केली. गेटला साखळी.

"सकाळी इथेच येतो," म्हणाला. "रोज."

आणि मला वाटत होतं, गाडी तपासायला चक्कर मारतो.

जिभेवर एक विनोद होता. गिळला. मे महिन्यात विचारायचं राहिलं होतं, ते विचारलं — "शेवटच्या दिवशी काय झालं रे?"

त्यानं इंजिन बंद केलं.